सप्टेंबर ते दिवाळी: कॉलेजचा विद्यार्थी मदतनिधी उभारायचा कसा, वाटायचा कसा

इंदूरच्या कॉलेजांत प्रवेशाची गर्दी जून-जुलैत असते, पण पैशाची खरी ओढाताण गणपती उठल्यावर सुरू होते. झाबुआ, बडवानी, धार, खरगोनकडून आलेली मुलं घरून आणलेल्या पैशावर पहिले दोन-अडीच महिने काढतात. मग भंवरकुआं भागातल्या खोलीचं भाडं थकतं, मेसवाला तगादा लावतो, शिष्यवृत्तीचा अर्ज 'पेंडिंग' दिसत राहतो, आणि परीक्षा फॉर्मची तारीख तोंडावर येते. अशा वेळी कॉलेज सोडणाऱ्या मुलाची अडचण बऱ्याचदा दोन ते दहा हजारांची असते. मोठी रक्कम फेब्रुवारीत देण्यापेक्षा लहान रक्कम ऑक्टोबरमध्ये देणं जास्त कामाचं, या एका गोष्टीभोवती निधीची सगळी आखणी करावी. माजी विद्यार्थी संघ, कॉलेजची मदत समिती किंवा एखादं मंडळ, कोणीही हे काम हाती घेऊ शकतं.

आधी तूट मोजा

'गरजू विद्यार्थ्यांना मदत करा' एवढ्या आवाहनावर शंभर-पाचशेच्या नोटा जमतात, निधी उभा राहत नाही. आकडा हवा, आणि तो अंदाजपंचे काढलेला नको. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तीन ठिकाणांहून नावं घ्या: लेखा शाखेकडून फीची थकबाकी, छात्रवृत्ती प्रभारींकडून अडकलेले अर्ज, आणि वर्गशिक्षकांकडून अचानक गैरहजर राहू लागलेल्यांची यादी. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची. पहिल्या दोन याद्यांत मुलाचा कागद असतो, तिसरीत मूल असतं. तीनपैकी कोणत्याही दोन याद्यांत नाव आलेल्या प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला आणि चार गोष्टी लिहून घ्या: किती कमी पडतात, कशासाठी, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढे कुठून पैसे येणार आहेत का.

मग बेरीज करा. तीसेक मुलांच्या यादीचा हिशेब, उदाहरणादाखल, असा मांडता येतो:

परीक्षा शुल्क: १२ मुलं × २,५०० = ३०,०००
फीचा अडकलेला हप्ता: ८ मुलं × ९,००० = ७२,०००
मेस: १० मुलं × दरमहा २,५०० × ४ महिने = १,००,०००
पुस्तकं: ३० मुलं × ८०० = २४,०००
अचानक खर्चासाठी दहा टक्के राखीव = २२,६००

एकूण २,४८,६००, म्हणजे लक्ष्य अडीच लाख. तुमच्या कॉलेजातले आकडे वेगळे येतील, पण रचना हीच ठेवा. राखीव रक्कम कापायचा मोह होतो, तो टाळा. डेंगूचा ताप आणि फुटलेला मोबाइल या दोन गोष्टी कुठल्याही यादीत नसतात आणि दरवर्षी येतात.

याच टप्प्यावर प्रत्येक मुलाला एक क्रमांक द्या आणि पुढचा सगळा कागद त्या क्रमांकाने चालवा. नाव-क्रमांकाची चावी दोघांकडेच असावी. समितीच्या व्हॉट्सॲप गटावर 'अमक्याचे वडील वारले, त्याला पैसे द्या' असा मजकूर एकदा गेला की तो राजवाड्यापर्यंत पोहोचतो आणि पुढच्या वर्षी ते मूल मदत मागायला येत नाही.

पैसा कुठल्या खात्यात घ्यायचा

सरकारी कॉलेजात दोन वाटा आहेत. पहिली, जनभागीदारी समितीचं खातं. मध्य प्रदेशातल्या सरकारी कॉलेजांत ही समिती असतेच, आणि तिला देणगी घेता येते. त्या पैशाच्या खर्चाला समितीची मंजुरी लागते, बैठक पुढे ढकलली गेली की पैसाही थांबतो. त्यामुळे प्रयोगशाळा, पाण्याची टाकी, वाचनालयाची खुर्च्या-टेबलं यांसाठी हा रस्ता चांगला, आठवड्यात परीक्षा शुल्क भरण्यासाठी अडचणीचा. दुसरी वाट, स्वतंत्र नोंदणी असलेला माजी विद्यार्थी संघ. तो १९७३ च्या मध्य प्रदेश सोसायटी नोंदणी कायद्याखाली किंवा १९५१ च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवलेला असतो. तातडीच्या मदतीसाठी हाच बरा. खासगी कॉलेजात संस्थेच्याच न्यासाचं वेगळं खातं उघडून घ्यावं. फीच्या खात्यात देणगी मिसळली की ती कुठे गेली हे वर्षाअखेर कोणालाच सांगता येत नाही.

तिसरी वाट म्हणजे कोषाध्यक्षांच्या मोबाइल नंबरवर यूपीआय. सोपी आहे, सगळीकडे चालते, आणि करायची नाही. ती रक्कम कागदोपत्री त्या माणसाच्या खात्यात आलेली असते. आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं, आणि भांडण झालं तर संघाकडे पुरावा राहत नाही. संघाच्या नावाचं चालू खातं, दोघांच्या सह्या, आणि त्या खात्याचा क्यूआर कोड, एवढं झाल्याशिवाय आवाहन छापू नका. केवायसीला विश्वस्तांचे कागद, ठराव आणि संघाचा पॅन लागतो. बँकेला यात तीन आठवडेही लागू शकतात, म्हणून हे काम ऑगस्टमध्ये उरका.

करसवलतीबद्दल थोडं नेमकं बोलायला हवं, कारण इथे आवाहनपत्रांत फार ढिलाई असते. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे, त्यामुळे कलमांचे आणि फॉर्मांचे क्रमांक बदलले. बोलण्यात मात्र '८०-जी', म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं जुनं कलम, कायम आहे. नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, हे सीएकडून तपासून मगच पावतीवर क्रमांक छापा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही. आणि जो पगारदार नव्या करप्रणालीत आहे त्याला या सवलतीचा उपयोगच नाही. ती प्रणाली आता आपोआप लागू होते, जुनी हवी तर निवडावी लागते. म्हणून 'कर वाचवा' हा आवाहनाचा मथळा करू नका. खाली बारीक ओळीत पुरे. आर्थिक वर्ष संपल्यावर देणगीदारांचं विवरण खात्याकडे भरावं लागतं आणि त्यातूनच देणगीदाराचं प्रमाणपत्र निघतं. जुन्या कायद्यात ही मुदत ३१ मे होती. विवरण भरलं नाही तर तुमच्या सुंदर छापील पावतीला काही अर्थ उरत नाही, आणि जुलैत रिटर्न भरताना देणगीदाराचा फोन येतो.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांचं आणखी वेगळं. अमेरिकेत राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देऊ शकतो. ती परदेशी अंशदान धरली जात नाही. त्याच गल्लीतल्या, अमेरिकन नागरिक झालेल्या त्याच्या वर्गमित्राचे पैसे मात्र एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाहीत, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. एफसीआरए नोंदणी असलेल्या संस्थेलाही ही रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते. नोंदणी नसेल तर नम्रपणे नकार द्या आणि फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा. 'भाचीच्या खात्यातून पाठवतो' ही पळवाट प्रेमापोटी सुचवली जाते. अडकतो मात्र संघ.

केव्हा मागावं, कोणाकडे किती

इंदूरच्या मराठी घरांतलं वर्ष ध्यानात घ्या. गणेशोत्सवात प्रत्येक दाराशी वर्गणीची पावती आलेली असते. अनंत चतुर्दशीच्या झाँकीपर्यंत, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुकीपर्यंत, मंडळांचाच हक्क. तेव्हा मध्ये पडू नका. त्यानंतरचा पितृपक्ष लोक 'शुभ नाही' म्हणून सोडून देतात, आणि तीच चूक. या पंधरवड्यात खरेदीला हात आखडतो, दानाला नाही. आई-वडिलांच्या नावाने एका मुलाची मेस, एका मुलीचं परीक्षा शुल्क, अशी विनंती याच दिवसांत सर्वांत सहज स्वीकारली जाते. मोठ्या देणग्यांच्या भेटी इथे करा. जाहीर आवाहन दसऱ्याला, कोजागरीच्या मेळाव्यात पहिला हिशेब, आणि वसुबारसेच्या आधी समारोप. लक्ष्मीपूजनानंतर महिनाभर कोणी फोन उचलत नाही.

अडीच लाखांची रक्कम 'प्रत्येकी हजार द्या' म्हणून जमत नाही. त्याला अडीचशे माणसं लागतात. उतरंड आधी मांडून घ्या:

५०,००० ची १ देणगी
१५,००० च्या ४, म्हणजे ६०,०००
५,००० च्या १४, म्हणजे ७०,०००
१,००० च्या ७०, म्हणजे ७०,०००

वरच्या पाच देणग्यांसाठी पंधरा-वीस माणसांची नावं हातात हवीत, कारण तिघा-चौघांत एक हो म्हणतो. या पाच देणग्या जमल्याशिवाय जाहीर आवाहन काढू नये. शून्यावरून सुरू झालेल्या निधीत पहिला हजार टाकायला सगळेच कचरतात. 'एक लाख दहा हजार जमले आहेत, एक लाख चाळीस हवेत' म्हटलं की गाडी हलते.

मोठ्या देणगीसाठी भेटायला दोघांनी जावं: एक त्याच्या बॅचचा, एक आताचा प्राध्यापक. सुदामानगरात किंवा लोकमान्यनगरात एखाद्या निवृत्त काकांकडे गेलात तर पोह्यांत अर्धा तास जाणार हे धरून चला. आकडा मात्र तुम्हीच उच्चारा. 'काका, यथाशक्ती द्या' म्हटलं की काका यथाशक्ती पाचशे एक देतात. 'काका, तिघींचं परीक्षा शुल्क साडेसात हजार होतं, तेवढं तुम्ही उचलाल का?' असं विचारलं तर ते हो म्हणतात, नाही म्हणतात, किंवा दोघींचं म्हणतात. तिन्ही उत्तरं कामाची. आकडा सांगितल्यावर गप्प बसा. जो बोलायची घाई करतो तो स्वतःच रक्कम कमी करतो.

बॅचच्या गटावर पाठवायचा निरोप छोटा असावा. असा:

'मित्रांनो, आपल्या कॉलेजातल्या ३० मुला-मुलींना या सत्रात एकूण अडीच लाख कमी पडताहेत. परीक्षा शुल्क, मेस, अडकलेला फीचा हप्ता आणि पुस्तकं. आजवर १,१०,००० जमले. आपल्या बॅचकडे २०,००० मागितले आहेत. वसुबारसेपूर्वी संघाच्या खात्यावर पाठवा. रिमार्कमध्ये बॅचचं वर्ष आणि आडनाव लिहा. पावती आठवड्याभरात. हिशेब कोजागरीला आणि ३० नोव्हेंबरला.'

फोटो नको, रडवणारी गोष्ट नको. गटातल्या एकाने जबाबदारी घेऊन दर चार दिवसांनी फक्त आकडा टाकावा. कोणी दिले नाहीत याची यादी टाकू नये. असं एकदा झालं की ती बॅच पुढची पाच वर्षं हातची गेली.

कंपन्यांकडे जायचं असेल तर या हंगामातल्या निधीसाठी जाऊ नका. पिथमपूरच्या मोठ्या कारखान्यांचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) पैसा वर्षाच्या आराखड्यातून निघतो, आणि घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते. ते काम जानेवारीत प्रस्ताव देऊन पुढच्या वर्षासाठी करायचं. सराफ्यातले किंवा सीतलामाता बाजारातले व्यापारी मात्र दिवाळीपूर्वी वस्तू देतात: वह्या, दफ्तरं, ब्लँकेट. घ्या, पण यादीतल्या गरजेशी जुळत असतील तरच. दोनशे वह्या आल्या आणि परीक्षा शुल्क राहिलं, तर वाटपाचा फोटो चांगला येतो, बाकी काही होत नाही.

पावत्या आणि रविवारचा तास

यूपीआयने पैसे येतात तेव्हा बँकेच्या उताऱ्यात कधी नाव दिसतं, कधी नुसता आयडी. दिवाळीनंतर वीस-पंचवीस 'अनामिक' रकमा उरतात आणि त्यांची पावतीच फाटत नाही. ओळख नसलेल्या देणग्यांवर एका मर्यादेपलीकडे करही लागतो. म्हणून क्यूआर कोडच्या खालीच एक छोटा फॉर्म द्या: पॅनवर आहे तसं नाव, पॅन, पत्ता, रक्कम, व्यवहाराचा क्रमांक, बॅच, भारतीय नागरिक आहे की नाही. 'बंडू काका' या नावाने फॉर्म आला तर परत विचारा.

दर रविवारी एक तास ठरवा. बँकेचा उतारा एका बाजूला, फॉर्मची यादी दुसऱ्या बाजूला, आणि रक्कम व क्रमांक जुळवून पावती. न जुळलेल्या रकमा पिवळ्या रंगात. तीन रविवार ओलांडलेली पिवळी ओळ बॅच-प्रतिनिधीकडे सोपवा. हे काम कोषाध्यक्षांनी एकट्याने करू नये. पावती करणारा आणि बँकेशी ताळा घालणारा हे दोन वेगळे हात असावेत. विश्वास नाही म्हणून नव्हे, एकट्याचा आकडा एकट्याला चुकलेला दिसत नाही म्हणून.

आपला पैसा देण्याआधी सरकारचा सोडवा

मदतनिधीतला सर्वांत स्वस्त खर्च म्हणजे अडकलेल्या शिष्यवृत्त्या सोडवणं. एका विद्यार्थ्याची दोन दिवसांची धावपळ आणि शे-दीडशे रुपयांच्या झेरॉक्स-रिक्षात बारा हजार सुटतात. केंद्राच्या पदवी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० मिळतात; बारावीच्या मंडळातल्या टक्केवारीच्या क्रमात वरच्या वीस टक्क्यांत असणं आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असणं ही मुख्य अट. अभियांत्रिकी-डिप्लोमाच्या मुलींसाठी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० ची आहे. राज्याकडून 'गाव की बेटी' मध्ये खेड्यातून बारावी प्रथम श्रेणीत झालेल्या मुलीला महिना ५०० प्रमाणे दहा महिने मिळतात. मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य मंडळाचे ७० टक्के किंवा सीबीएसईचे ८५ टक्के लागतात, उत्पन्नाची अट वेगळी. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना खोलीच्या भाड्यासाठी आवास सहायता आहे; भंवरकुआंत भाड्याने राहणाऱ्या किती मुलांनी तिचा अर्जच केलेला नसतो, हे वर्गात हात वर करायला सांगून पाहा.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलची मुदत बहुधा ऑक्टोबरअखेर संपते, पण वर्षागणिक सरकते. पोर्टलवरची तारीखच खरी. विद्यार्थ्याने अर्ज केला म्हणजे झालं नाही. कॉलेजच्या नोडल अधिकाऱ्याने तो तपासून पुढे पाठवावा लागतो आणि त्याची मुदत वेगळी असते. अर्ज 'सबमिटेड' वर थांबला असेल तर दोष मुलाचा नाही, कॉलेजच्या टेबलाचा आहे. प्राचार्यांना दर शुक्रवारी फक्त एक आकडा द्या: किती अर्ज आपल्याकडे पडून आहेत. हा आकडा प्राचार्यांच्या टेबलावर आला की झरझर कमी होतो.

बाकी अडथळे जवळजवळ नेहमी तेच असतात.

पहिला, बँक खातं आधारला 'लिंक' आहे पण पैसे येत नाहीत. लिंक असणं आणि एनपीसीआय या देशाच्या पेमेंट यंत्रणेच्या नोंदीत ते खातं थेट लाभासाठी जोडलेलं असणं (यालाच सीडिंग म्हणतात) या दोन निराळ्या गोष्टी. माय-आधार पोर्टलवर बँक सीडिंगची स्थिती दिसते. मुलाने मध्येच मोबाइलवर दुसरं खातं उघडलं असेल तर जोडणी तिकडे सरकलेली असते, आणि शिष्यवृत्ती आली तरी तो जुन्याच पासबुकात शोधत बसतो. हवं ते खातं असलेल्या शाखेत सीडिंगचा अर्ज द्यायचा, आठवडाभराने पुन्हा पोर्टलवर पाहायचं.

दुसरा, नावाची गफलत, आणि ही मराठी घरांची खास. आधारवर 'नाव, वडिलांचं नाव, आडनाव' अशी तीन पदं. मध्य प्रदेश मंडळाच्या अंकसूचीवर (गुणपत्रिकेवर) विद्यार्थ्याचं नाव दोन पदांत आणि वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. पोर्टलला ही दोन माणसं वाटतात. त्यात 'कुळकर्णी' चं हिंदीत 'कुलकर्णी' आणि रोमनमध्ये आणखी तिसरंच. समग्र आयडीवरचं (राज्य सरकारच्या ओळख क्रमांकावरचं) नावही जुळायला हवं, नाहीतर ई-केवायसी अडते. अंकसूची बदलणं महिन्यांचं काम आहे. आधार आणि समग्रवरचं नाव अंकसूचीप्रमाणे करून घेणं त्यामानाने लवकर होतं. म्हणून आधार-समग्र बदला, अंकसूचीला हात लावू नका.

तिसरा, आय (उत्पन्न) आणि मूलनिवासी (रहिवास) प्रमाणपत्र. लोकसेवा केंद्रात अर्ज करून पावती घ्या. पावतीवर निकालाची तारीख असते आणि ती उलटली तर २०१० च्या लोकसेवा हमी कायद्याखाली अपील करता येतं. जातीच्या प्रमाणपत्राचं पाणी खोल आहे: महाराष्ट्रातून अलीकडे आलेल्या कुटुंबाला दुसऱ्या राज्याच्या प्रमाणपत्रावर इथली राज्य शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही. अशा मुलाला ऑक्टोबरमध्येच स्पष्ट सांगा आणि त्याचं नाव आपल्या निधीत वर आणा, मार्चपर्यंत झुलवू नका.

दोन तृतीय वर्षाची मुलं 'छात्रवृत्ती मित्र' म्हणून नेमा, त्यांना महिना हजार-दीड हजार मानधन द्या आणि दुपारी एक ते तीन वाचनालयात बसवा. ही मुलं स्वतः या फेऱ्यांतून गेलेली असतात; कुठल्या खिडकीवर कोणता कागद मागतात हे प्राध्यापकांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

वाटप

समिती तिघांची: एक प्राध्यापक, एक माजी विद्यार्थी, आणि तिसरी व्यक्ती शक्यतो एखाद्या ताई, कारण मुली काही अडचणी पुरुषांपुढे बोलत नाहीत. अर्ज एका पानाचा. आधारची प्रत मास्क केलेलीच घ्या, म्हणजे फक्त शेवटचे चार अंक दिसतात. निर्णय सात दिवसांत, आणि नकार असेल तर कारण लेखी.

पैसे मुलाच्या हातात देण्यापेक्षा जिथे भरायचे तिथे भरावेत. फी कॉलेजच्या खात्यात, परीक्षा शुल्क फॉर्म भरताना पोर्टलवरच, मेसचे पैसे मेसवाल्याला महिन्याच्या पावतीवर. मेसचे चार महिन्यांचे पैसे एकदम देऊ नका. मूल मध्येच गावी गेलं तर उरलेले परत मिळत नाहीत. औषध आणि प्रवास एवढंच थेट खात्यावर. अपवाद करावा लागतो. करा, पण वहीत कारण लिहा.

दोन प्रकारची मदत वेगळी ठेवा. ज्याची शिष्यवृत्ती मंजूर आहे पण आलेली नाही, त्याला बिनव्याजी हातउसने: रक्कम, परतीची अपेक्षित तारीख, एका पानाची सही. जामीन मागू नका, तारण मागू नका. ज्याला पुढून काहीच येणार नाही, त्याला सरळ अनुदान. हातउसन्यातले सगळे पैसे परत येणार नाहीत हे आधीच धरा आणि पाठपुरावा दोन आठवणींपलीकडे नेऊ नका. पण जे परत येतात ते मार्चमध्ये पुन्हा दुसऱ्या मुलाला जातात. अडीच लाखांतून तीन लाखांचं काम याच मार्गाने होतं. न्यासाच्या हिशेबात हे कसं दाखवायचं ते सीएला आधी विचारून घ्या.

गुणवंतांना पारितोषिकं देण्याची हौस देणगीदारांना फार. पहिल्या आलेल्या मुलाला पाच हजार आणि शाल द्यायला कोणाची ना नाही, पण त्यासाठी वेगळी थैली करा. एटीकेटी लागलेल्या, रात्री डिलिव्हरीचं काम करणाऱ्या मुलाला त्या पाच हजारांची गरज जास्त असते, आणि तो कुठल्याही व्यासपीठावर दिसत नाही. 'किमान ६० टक्के' अशी अट मदतनिधीला लावली की नेमका तोच वगळला जातो. अट लावायचीच तर हजेरीची लावा.

पुस्तकांचे ८०० रुपये रोख देऊ नयेत. खजुरी बाजारात जुने संच घ्या, कॉलेजचा शिक्का मारा, शंभर रुपये अनामत घेऊन सत्रभरासाठी द्या. परत आणल्यावर अनामत परत. अभ्यासक्रम बदलला आहे का हे विभागाकडून लेखी घेऊन मगच खरेदी. जुन्या अभ्यासक्रमाचे पन्नास संच कपाटात पडलेले अनेक कॉलेजांत सापडतील.

प्रत्येक मुलामागे एक पालक-शिक्षक किंवा माजी विद्यार्थी जोडा, महिन्यातून एक फोन. विचारायचं एवढंच: वर्गात जातोस का, जेवण नीट आहे का, कुठला कागद अडकलाय. उपदेश नको. मूल फारच खचलेलं वाटलं तर स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे आणि दिवसरात्र चालतो. मुलासमोर बसून लावून द्या.

शरदाचा प्रगती अहवाल

एप्रिल ते सप्टेंबरचा हिशेब ३० सप्टेंबरला बंद करा आणि दोन पानांचा अहवाल कोजागरीपर्यंत काढा. पहिल्या पानावर जमाखर्च: आरंभीची शिल्लक, आलेले, गेलेले, उरलेले. 'प्रशासकीय खर्च' शून्य दाखवायची खोटी फुशारकी नको. छपाई आणि छात्रवृत्ती मित्रांचं मानधन लिहा. दुसऱ्या पानावर कामाची प्रगती: किती अर्ज आले, किती मंजूर, अर्जापासून पैसे पोहोचेपर्यंत सरासरी किती दिवस लागले, किती अडकलेल्या शिष्यवृत्त्या सुटल्या आणि त्यांची रक्कम, मदत मिळालेल्यांपैकी किती जण परीक्षेला बसले. आणि जे जमलं नाही तेही: कोणाला देता आलं नाही, कोण कॉलेज सोडून गेलं. देणगीदार ही ओळ सर्वांत काळजीपूर्वक वाचतात.

मुलांचे फोटो नकोत, मोठ्या पुठ्ठ्याचे चेक नकोत. क्रमांक आणि जिल्हा पुरे. मराठी मजकुराबरोबर हिंदीही द्या. कॉलेजचा कारभार हिंदीत चालतो आणि देणगीदारांतले निम्मे तरी मराठी नसतात. एक प्रत कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला जरूर द्या. नॅककडून होणाऱ्या कॉलेजच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांना दिलेलं साहाय्य आणि माजी विद्यार्थ्यांचा सहभाग दोन्ही मोजले जातात, तेव्हा हाच कागद पुराव्याला लागतो. प्राचार्यांचा वेळ मिळवायला याहून चांगलं कारण नाही.

कायम निधीबद्दल थोडक्यात

कोणी म्हणेल, आईच्या नावाने कायमची शिष्यवृत्ती सुरू करायची आहे. आनंदाने घ्या, पण गणित आधी सांगा. वर्षाला १२,००० द्यायचे आणि ठेवीवर साडेसहा टक्के धरले तर मुद्दल एक लाख पंच्याऐंशी हजार लागतं, आणि दहा वर्षांनी त्या बारा हजारांत कितीसं येणार! दोन टक्के मुद्दलात परत टाकायचे ठरवलं, म्हणजे साडेचार टक्केच वाटले, तर दोन लाख सदुसष्ट हजार लागतात. पंचवीस हजारांत 'कायमस्वरूपी' नाव लावण्याचं कबूल करू नका; नाहीतर पुढच्या पिढीच्या कोषाध्यक्षांना ते निस्तरावं लागतं. ही रक्कम कॉर्पस (कायम मुद्दल) आहे असं देणगीदाराकडून लेखी घ्या, आणि कायद्याने मान्य असलेल्या ठिकाणीच गुंतवा. 'हा विषय बंद झाला तर समितीने जवळच्या विषयाला द्यावी' ही ओळ पत्रात घालून घ्या. ज्या अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती ठेवली तोच बंद पडला आणि व्याज वर्षानुवर्षं साचत राहिलं, अशी खाती जुन्या कॉलेजांत आढळतात.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं उरतात: पिवळ्या ओळींचा निकाल, ३० नोव्हेंबरचा हिशेब, आणि जानेवारीत लागणाऱ्या परीक्षा शुल्काची नवी यादी. शिल्लक उरली असेल तर ती या यादीसाठी बाजूला काढा. करमुक्त संस्थेला वर्षाच्या उत्पन्नाचे किमान ८५ टक्के त्याच वर्षी कामाला लावावे लागतात, तेव्हा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने संगणक विकत घ्यायची वेळ येऊ देऊ नका.